मुक्काम गाडी अजून फलाटावर

रविवारी दुपारी शेवग्याची आमटी आणि भात जरा जास्तच होतो आणि मी पंख्याखाली आडवी होते. झोप अजून आत आलेली नाही, दाराशी चपला काढते आहे. बाहेरच्या खोलीत आई टॅबलेट मांडीवर घेऊन बसली आहे, तिच्या बांगड्या काचेवर किणकिणतायत. पंखा प्रत्येक फेरीला एकदा कुरकुरतो. त्याला तेल घालायचं मी गेल्या उन्हाळ्यापासून ठरवते आहे.

डोळे जड होतायत आणि मी स्वतःवर बेहद्द खूश आहे. किती दिवस मानेवर बसलेलं काम आज एकदाचं हातावेगळं झालं.

काम म्हणजे वेबसाइटींचं. पोटासाठी मी सांगलीत एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधातलं फॅट तपासते, पण हौस ही. माझ्या मैत्रिणी साड्या घेतात, मी वेबसाइटी काढते. कुणी शिकवलं नाही, धडपडत शिकले, त्यामुळे सगळ्याच थोड्या वाकड्या उभ्या आहेत. एक आईच्या कुरडया-सांडग्यांची. एक रांगोळीची, ठिपके किती ते सांगितलं की ती नक्षी काढून देते. एक आमच्या दहावीच्या वर्गाची, तिथं आता कुणाच्या वाढदिवसालासुद्धा कुणी फिरकत नाही. एक खास माझ्या नावाची, तिच्यावर कित्येक वर्षं 'लवकरच येत आहे' एवढंच लिहिलेलं आहे. आणि एक विट्याच्या एसटी स्टँडची. ती आण्णांची.

आण्णा म्हणजे माझे वडील, हिंदुराव मोहिते. विट्याच्या स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. केबिनमध्ये बसायचं, काळ्या फळ्यावर खडूनं गाड्या लिहायच्या आणि माईकवरून पुकारायच्या. आमचं घर स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून. रात्रीची शेवटची गाडी देवीखिंडीची, तिकडंच मुक्काम करणारी. तिची घोषणा भोंग्यावर झाली की आई चुलीवर तवा ठेवायची, कारण ती गाडी मार्गी लागली की आण्णा सुटायचे. पहिली भाकरी फुगेपर्यंत ते मोरीत पाय धूत असायचे. आमच्या घरात घड्याळाकडं कुणी बघत नव्हतं.

रिटायर झाल्यावर ते घरात नुसते येरझाऱ्या घालायला लागले, तेव्हा मी ही साइट काढली. जुनं वेळापत्रक, प्रत्येक गाडीपुढं एक हिरवं बटण. बटण दाबलं की आण्णांच्या आवाजात ती गाडी पुकारली जाते. आवाज मी माझ्या त्या वेळच्या फोनवर घेतले होते. आण्णांनी तोंडापुढं देवघरातला पितळी तांब्या धरला होता. "घुमल्याबिगर ती एसटी वाटतच न्हाई," असं त्यांचं म्हणणं. आई चिडली होती, देवाचा तांब्या उष्टा केला म्हणून.

तो फोन केव्हाच मोडीत गेला. आण्णांना जाऊनही आता दुसरं वर्ष लागलंय. स्टँडच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता मान खाली गेली, ती गेलीच. तेव्हापासून आई माझ्याकडं असते. रोज दुपारी जेवण झालं की ती टॅबलेट घेते, देवीखिंडीचं बटण दाबते आणि घोषणा संपली की हळूच म्हणते, "ठेवते तवा." मग ती तासभर पडते. ते बटण दाबल्याशिवाय तिला झोप लागत नाही. ती कधी बोलून दाखवत नाही, पण मला ठाऊक आहे.

तर ह्या सगळ्या साइटी वेगवेगळ्या ठिकाणी पडल्या होत्या. इथला पासवर्ड तिथं चालायचा नाही, एकीला डागडुजी केली की दुसरी गळायला लागायची. म्हणून मी एकच नवीन जागा घेतली आणि संध्याकाळी बसून एकेक बिऱ्हाड हलवलं. शेवटी आण्णांच्या साइटची जुनी जागाही बंद करा म्हणून कळवून टाकलं. 'येथील सामग्री पुन्हा मिळणार नाही, हे मला मान्य आहे' असा एक चौकोन होता, त्यात बरोबरची खूण ठोकली. आज कधीतरी ती जागा बंद होईल असा निरोप आला. सकाळी मी कॉम्प्युटरवर नवीन साइट उघडून आण्णांचं एकेक बटण दाबून बघितलं. सगळी बोलली. तासगाव बोललं, कराड बोललं, मायणी बोललं. काही म्हणजे काही मागं राहिलेलं नाही.

बाहेरच्या खोलीतून आण्णांचा आवाज येतो.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी, विटा–देवीखिंडी, मार्गे लेंगरे, मुक्काम गाडी, सुटण्याच्या तयारीत आहे."

पाठोपाठ आईचं "ठेवते तवा". रोजचंच. मी कूस बदलते.

"चारू, पाय घे की जरा. बसू दे."

हा आवाज तांब्यातला नाही. मी पाय आखडते, तशी पलंगाची कडा खाली दबते. कुणीतरी माझ्या पायाशी बसलंय. मी डोळे उघडते. खाकी बुशशर्ट, खिशाला शिट्टीची दोरी, कानामागं खडू. आण्णा पंख्याकडं बघतायत.

"ह्याला तेल घाल गं कुणीतरी," ते म्हणतात.

मी ह्या माणसाच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलेलं आहे. ह्यांचे पाय धरून मी रडले आहे आणि ते पाय गार होते. आता तेच पाय माझ्या पलंगाखाली चपला शोधतायत.

"आण्णा," मी कशीबशी म्हणते, "तुम्ही तर गेलाय."

"मग? मला काय ठावं न्हाई व्हय?"

"दहाव्याला कावळा लगेच शिवला होता. आम्हाला वाटलं, तुमचं काही मागं राहिलं नाही."

"कावळा भुकेला हुता," आण्णा म्हणतात. "भजी ठिवलीवती तुम्ही. मला इचारलं कुणी?"

मला हसू येतं आणि त्या हसण्याचीच भीती वाटते. हात लावून बघावा असं वाटतं आणि हात पुढं होत नाही.

"ऊठ," ते म्हणतात. "स्टँडवर घोळ झालाय."

"विट्याच्या?"

"तुझ्या. नव्या."

मी पलंगावरून पाय खाली सोडते, तर खाली फरशी नाही, फलाटाची कडा आहे. पुढं भलंमोठं चकचकीत स्टँड. गुळगुळीत लाद्या, नवे बाक, कुठं पानाची पिंक नाही. मी हे ओळखते. हा पिवळा रंग मी निवडलाय, आणि ह्या पाटीची अक्षरं जरा खाली घसरलीत, ती मला शेवटपर्यंत सरळ करता आली नव्हती.

पहिल्या फलाटावरच्या गाडीच्या टपावर कुरडया वाळत घातल्यात आणि कंडक्टर काठीनं कावळे हाकतोय. दुसऱ्या फलाटावर प्रवासी ठिपक्या-ठिपक्यावर उभे आहेत, कुणीच ठिपका सोडायला तयार नाही. पुढं आमचा दहावीचा वर्ग बाकांवर बसलाय, टकलं पडलेली पोरं अर्ध्या चड्डीत. त्यांच्यापुढं रिकामा फलाट. पाटीवर 'लवकरच येत आहे'. तिथं बायका गाठोडी घेऊन ओळीनं बसल्यात.

"ही कुठली गाडी?" मी विचारते.

"तुझ्या नावाची. कवाधरनं बसल्यात बिचाऱ्या."

त्यातली एक बाई मान वर करून माझ्याकडं बघते. ती मी आहे. तिच्या शेजारची पण मीच आहे. सगळ्या मीच आहेत, आणि सगळ्यांच्या तोंडावर इतका कंटाळा आहे की मी दचकून आण्णांचा शर्ट धरते. शर्ट हाताला लागतो. खरखरीत, इस्त्रीचा. माझा हात तिथंच राहतो.

"आण्णा, घोळ कुठं आहे? सगळं तर नीट आणलंय मी."

"भोंगा ऐक," ते म्हणतात.

वर खांबावर नवा कोरा भोंगा आहे. तो खरखरतो आणि आण्णांच्याच आवाजात तासगावची गाडी पुकारतो. आण्णा माझ्या शेजारी गप्प उभे आहेत आणि वरून आण्णा बोलतायत. तरीपण मला अभिमान लपवता येत नाही.

"बघा, वाजतोय की."

"वाजतोय. वायर कुठं जाती बग."

वायर खांबावरून उतरते आणि लाद्यांच्या फटीतून निघते. आण्णा ती उचलून माझ्या हातात देतात, शेळीचं दावं द्यावं तशी. मी ती धरून चालायला लागते. चार पावलं जाते न जाते तोच मी आमच्या प्रयोगशाळेत आहे. फॅटच्या काचनळ्या मांडलेल्या, यंत्र गरगर फिरतंय आणि प्रत्येक फेरीला कुरकुरतंय. वायर टेबलाखालून जाते. आण्णा मागून येतायत, जाता जाता दुधाच्या कॅनचं झाकण उघडून वास घेतायत.

"पानी हाय ह्यात," ते म्हणतात.

"आण्णा, चला ना."

वायर दारातून बाहेर पडते आणि दारापलीकडं विट्याचं आमचं स्वयंपाकघर आहे. आई पाठमोरी बसली आहे. चूल पेटलेली आहे, चुलीवर तवा नाही. तिच्या हातात थापलेली भाकरी आहे. दोन्ही तळव्यांवर पेलून धरलेली, कडा वाळून चिरा पडायला लागल्यात. ती हलत नाही.

"आई," मी हाक मारते. "ठेव की तवा."

"ऐकू येऊ दे आधी," आई म्हणते. मान वळवत नाही.

मी आण्णांकडं बघते. आण्णा तिच्याकडं बघतायत. एवढा वेळ त्यांच्या तोंडावर जो स्टँडचा तोरा होता, तो उतरलाय. ते दारातच थबकलेत, उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाहीत.

"किती येळ धरून बसली ही?" ते मला हळू विचारतात.

रडू येतंय आणि भीती वाटते आहे, दोन्ही एकदम. वायर आईच्या पाटाला वळसा घालून मागच्या दारानं निघते. मी आता पळायला लागलेय.

मागचं दार जुन्या स्टँडात उघडतं. पत्र्याचं छप्पर, मातकट फलाट, भिंतीला टेकवलेल्या सायकली, केबिनची जाळी. वायर जाळीतून आत जाते आणि टेबलावरच्या जुन्या माईकला जाऊन मिळते. माईकच्या मानेला आण्णांनी बांधलेला तोच तांबडा दोरा आहे. शेजारी पितळी तांब्या.

मी वायर हातात धरून उभी राहते. मला कळतंय आणि कळू नये असं वाटतंय.

"भोंगा तेवढा नवा नेलास," आण्णा म्हणतात. "माईक हितंच हाय."

खरं आहे. मी नव्या साइटवर बटणं नेली. त्यांचा हिरवा रंग नेला, गाड्यांची नावं नेली, वेळा नेल्या. आवाज नेलेच नाहीत. प्रत्येक बटणाच्या पोटात पत्ता जुन्याच जागेचा राहिलाय. नवीन साइटवर बटण दाबलं की ते गुपचूप जुन्या जागेकडं धावतं आणि तिथून आवाज मागून आणतं. म्हणून तर सकाळी सगळी बोलली. जुनी जागा उभी आहे तोवर ती बोलणारच. ती बंद झाली की उरणार नुसती बटणं. आणि जुनी जागा मी आजच बंद करायला सांगितली आहे.

वर खडखडाट होतो. मी मान वर करते. छपरावर माणसं चढलीत आणि पत्रे काढतायत.

"थांबा!" मी ओरडते. "अहो, थांबा, चूक झाली. आत सामान आहे!"

त्यातला एक जण माझ्याकडं न बघता शेजारच्या पत्र्यावर बोट ठेवतो. तिथं बरोबरची एक खूण आहे. मी ती ओळखते, ती मीच ठोकलीय. तो पत्रा उचलतो आणि खाली टाकून देतो. आवाज होत नाही.

आण्णा माईकपुढं बसलेत. त्यांना घाई झाली आहे. तांब्या तोंडाशी धरून ते एकामागून एक गाड्या पुकारायला लागतात. "विटा–कराड," ते म्हणतात आणि एक पत्रा निघतो, फलाटावरची कराडची गाडी नाहीशी होते. निघून जात नाही, नाहीशी होते, आतल्या माणसांसकट. "विटा–तासगाव." पत्रा. "विटा–मायणी." पत्रा. ऊन केबिनमध्ये उतरत येतंय.

"आण्णा, बोलू नका! आणा तो तांब्या इकडं, मी नेते. मी सगळं नेते!"

मी माईक उचलायला जाते, तो टेबलाला जखडलेला आहे. मी वायर ओढते, ती हातात येते आणि येतच राहते, तिला शेवट नाही. आण्णांचे ओठ हलतायत. आता त्यांचा आवाज येत नाही.

"मोठ्यानं बोला, आण्णा."

ते मोठ्यानं बोलतात. मला दिसतंय, गळ्याच्या शिरा फुगल्यात. काही ऐकू येत नाही. मी त्यांच्या तोंडाशी कान नेते. श्वाससुद्धा नाही. मला इतका धक्का त्यांना पलंगावर बसलेलं बघून बसला नव्हता. माणूस गेला तेव्हासुद्धा बसला नव्हता. त्या दिवशी निदान माझ्याकडं त्यांचा आवाज होता.

"माझ्यामुळं झालं," मी म्हणते. "आण्णा, आईला काय सांगू मी?"

आण्णा वैतागून हात झटकतात. स्टँडवर माईक बंद पडला की ते असाच हात झटकायचे. मग कानामागचा खडू काढतात, उठतात आणि काळ्या फळ्यापुढं जातात. सगळ्या गाड्या पुसल्या गेल्यात, फळा कोरा आहे. ते त्यांच्या गोल, सरकारी अक्षरात लिहितात:

'मुक्काम गाडी अजून फलाटावर. कोणीही हात लावू नये.'

खाली एक रेघ मारतात. दुसरी मारताना खडू मोडतो. मोडलेला तुकडा ते माझ्या तळव्यावर ठेवतात आणि माझी मूठ स्वतःच्या हातानं बंद करतात. त्यांचा हात कोरडा आहे, खडूनं भरलेला. गार नाही. मी तो दुसऱ्या हातानं धरू बघते, पण ते खिशातून शिट्टी काढतायत. माझ्याकडं बघून ते भुवई उडवतात, चल म्हणाल्यासारखी, आणि शिट्टी तोंडात घालतात.

शिट्टी वाजत नाही. पंखा कुरकुरतो.

"चारू. ए चारू."

आई हाक मारते आहे. मी पलंगावर आहे, अंग घामानं भिजलंय, मूठ आवळलेली आहे.

"चारू, हे बोलंना बग गं. आज झोप लागंना म्हणून म्हटलं कराड ऐकावं, तर न्हाई. तासगाव बी न्हाई. बंद करून परत लावू का?"

"हात लावू नको!"

मी एवढ्यानं ओरडते की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागतं. मी बाहेरच्या खोलीत कशी पोहोचते मला कळत नाही. आई टॅबलेट हातात धरून बसली आहे, तिचं बोट पान बंद करायच्या जागेवर, काचेपासून तीळभर वर. ती माझ्याकडं बघते आणि तिचं तोंड उघडंच राहतं.

"बोट काढ, आई. हळू. काही दाबू नको."

"काय झालं? मी मोडलं व्हय काय?"

"तू नाही. मी मोडलंय."

मी टॅबलेट तिच्या हातातून दोन्ही हातांनी घेते. मी कराडचं बटण दाबते. काही नाही. तासगाव. काही नाही. मायणी, काही नाही. देवीखिंडीला मी हात लावत नाही. फोनवर जुन्या जागेचा पत्ता उघडून बघते. तिथं पांढरं पान आहे, जागा बंद झाली आहे असं सभ्य शब्दांत लिहिलेलं. मी झोपलेली असताना त्यांनी आपलं काम चोख केलंय. मेलेल्या माणसानं येऊन सांगितलेलं शब्दाशब्दानं खरं निघालंय, आणि मला धड घाबरायलाही उसंत नाही.

कारण देवीखिंडी आईनं झोपण्याआधी ऐकली होती. तेव्हा जुनी जागा उभी होती. एकदा वाजलेला आवाज टॅबलेट स्वतःच्या पोटात धरून ठेवतो, समोरचं पान उघडं आहे तोवर. पान बंद केलं की तो पुन्हा जुन्या पत्त्यावर मागायला जाणार, आणि तिथं आता कुणी नाही. कॉम्प्युटरवरचं पान मी सकाळीच बंद केलंय. आईचं बोट टेकलं असतं तर संपलं होतं.

"आई, इकडं बघ," मी म्हणते. "आण्णांच्या गाड्या गेल्या. मी जागा बदलताना आवाज आणायचे राहिले. आता ते परत मिळत नाहीत."

आईला कळलं का, हे मला कळत नाही. मग ती विचारते, "समद्या?"

"देवीखिंडीची बहुतेक आहे. बहुतेक. दाबल्याशिवाय कळणार नाही."

"मग दाब की."

"आणि नसली तर?"

आई पदरानं हात पुसते, ओले नसतानाही. "बाकीच्या गाड्यांचं मला काय करायचंय?" ती म्हणते. "ह्यांला घरी आणायची ती तेवढी एक. दाब तू."

मी फोन टॅबलेटच्या कडेला लावते, आवाज टिपायला सुरू करते. आईला खूण करते, बोलू नको. पंखा बंद करून येते. आणि मी हिरवं बटण दाबते.

काही येत नाही. आई माझं मनगट पकडते.

मग तांब्यात वारा घुमतो.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे," आण्णा म्हणतात. माझे डोळे भरून येतात आणि मला समोरचं काही दिसत नाही. "फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी, विटा–देवीखिंडी, मार्गे लेंगरे, मुक्काम गाडी, सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात."

"ठेवते तवा," आई म्हणते.

मी तिला गप्प राहायला सांगितलं होतं. पण तिची इतक्या वर्षांची सवय आहे, ते शब्द तिच्या तोंडून गेलेसुद्धा. ती जीभ चावते आणि अपराधी तोंडानं माझ्याकडं बघते. मी फोन बंद करते, कानाला लावून ऐकते. आण्णा आहेत. थोडे लांबून, थोडे खरखरीत, पण आहेत. आणि त्यांच्या पाठोपाठ आई आहे.

"परत घेऊया का?" आई विचारते. "मी न्हाई बोलत आता."

"नको. हेच राहू दे."

मी ते आधी फोनवर दोन ठिकाणी ठेवते, मग कॉम्प्युटरवर, मग पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह देवघरात नेऊन तांब्याशेजारी ठेवते. मग परत येऊन धपकन जमिनीवर बसते. आई टॅबलेट उलटसुलट करून बघते आहे.

"हे काय गं? खडू कुठनं लागला ह्याला?"

काळ्या काचेच्या कडेला, मी धरलं होतं तिथं, पांढरी बोटं उमटलीत. चार स्वच्छ बोटं आणि एक अंगठा.

"हे घरी आले की तांब्याला असंच लागायचं," आई म्हणते. "किती वेळा सांगितलं, आधी हात धुवा म्हणून."

ती पदर पुढं करते पुसायला. आणि मध्येच थांबते. ती माझ्याकडं बघते, मी माझ्या उजव्या हाताकडं बघते. तळव्याच्या रेषांमध्ये पांढरी भुकटी बसली आहे. मी बोटं चोळते, ती बोटांना लागते. माझ्या घरात खडू नाही. रांगोळीसुद्धा मी फक्त कॉम्प्युटरवर काढते.

आई माझा हात स्वतःच्या हातात घेते. बोट टेकवून बघते, बोट नाकाशी नेते. मला वाटतं ती ओरडेल, किंवा रडेल, किंवा मला विचारेल. पण माझी मूठ ती हळूच बंद करते, गुडघ्यावर हात ठेवून उठते आणि आत जाते.

स्वयंपाकघरातून गॅस पेटवल्याचा आवाज येतो, मग तवा ठेवल्याचा. आत्ताच तर जेवलोय आम्ही. मी हात न धुता तशीच बसून राहते.